नातवाचे खेळयंत्र आणि आजोबांचे वर्तमानपत्र

सोलापुरातील कितीतरी घरांत टीव्हीखालच्या फळीवर एक काळी पेटी स्वस्थ पडून असते. घरातील मुलगा किंवा नातू दहावी-बारावीत असताना हट्टाने घेतलेले ते प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स. मग तो मुलगा एके सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला शिकायला जातो, किंवा नोकरीसाठी हैदराबादची वाट धरतो, आणि पेटी मागे राहते. आजी तिच्यावर विणलेला रुमाल घालतात, आठवड्यातून एकदा धूळ झटकतात. त्याच घरात आजोबा खिडकीपाशी उजेडाला बसून मोबाईल कधी डोळ्यांजवळ, कधी लांब धरत एखादी बातमी वाचण्याचा प्रयत्न करतात आणि दोन मिनिटांत मोबाईल पालथा ठेवून देतात. वर्तमानपत्राची बारीक अक्षरे तर त्यांनी केव्हाच सोडलेली असतात.

त्या पेटीतून इंटरनेटही वाचता येते, ही गोष्ट घरातील ज्येष्ठांना सहसा कोणी सांगितलेली नसते.

वाचन सुटणे ही वार्धक्यातील लहान घटना नव्हे. आयुष्यभर सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र अशी जोडी जपलेला, वाचनालयाचे पुस्तक वेळेत परत करणारा माणूस जेव्हा म्हणतो, ‘आता काही वाचावेसे वाटत नाही’, तेव्हा पुष्कळदा त्याला वाचावेसे वाटत असते, दिसत मात्र नसते. हे कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटतो. घरची मंडळी ते उदासपण समजतात, किंवा वयोमानाचा स्वभाव. म्हणून डोळ्यांना सुसह्य होईल असे वाचनाचे एखादे साधन घरातच विनाखर्च पडून असेल, तर त्याचा विचार करणे योग्य ठरते. मात्र त्याच्या मर्यादा नीट ओळखूनच. त्या मर्यादा थोड्या नाहीत.

खेळयंत्रावरून जगाशी संपर्क साधण्याची कल्पना आजची नाही. जपानमध्ये १९८८ साली निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राला दूरध्वनीच्या तारेने जोडण्याची सोय निघाली होती, आणि तिचा उपयोग खेळापेक्षा घरबसल्या शेअर बाजाराचे भाव पाहण्यासाठी व खरेदी-विक्रीसाठी करावा असा तिचा हेतू होता. पुढे सेगाच्या ड्रीमकास्ट या यंत्रात मोडेम आतच बसवलेला आला. २००६ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रासाठी ऑपेरा कंपनीचा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणारा प्रोग्राम, उपलब्ध झाला. हातातील दांडी टीव्हीकडे रोखली की पडद्यावर बोट फिरे. प्लेस्टेशन ३ आणि प्लेस्टेशन ४ या दोन्हींत ब्राउझर आहे. एक्सबॉक्सच्या अलीकडच्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर असतो आणि २०२१ पासून त्याची नवी, संगणकावरील एजशी जुळणारी आवृत्ती त्यावर चालते. याउलट प्लेस्टेशन ५ च्या मुख्य पडद्यावर ब्राउझरचे वेगळे चिन्हच दिलेले नाही. निन्टेन्डो स्विचवरही सर्वसाधारण वापराचा ब्राउझर नाही. तेव्हा घरातील पेटी कोणती, हे प्रथम तिच्यावरील नाव वाचून ठरवावे. एक्सबॉक्स वन किंवा त्यानंतरचे यंत्र असेल तर उत्तम. प्लेस्टेशन ४ चालू शकेल. प्लेस्टेशन ३ किंवा ‘वी’ असेल तर त्यांवर वेळ घालवू नये. आजची बरीच पाने त्या जुन्या ब्राउझरांत उघडत नाहीत, आणि जी उघडतील त्यांवर सुरक्षिततेचा भरवसा धरता येत नाही.

पडदा मोठा, पण अक्षर?

टीव्ही मोठा म्हणजे अक्षर मोठे, असा सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. डोळ्याला अक्षर किती मोठे दिसते हे त्याच्या उंचीबरोबरच अंतरावरही अवलंबून असते. मोबाईलवरील दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर आपण साधारण ४० सेंटिमीटरवरून वाचतो. तेवढेच मोठे दिसायचे असेल तर अडीच मीटर दूर असलेल्या टीव्हीवर ते साडेबारा मिलिमीटर उंच हवे. आणि ४३ इंची टीव्हीवर नेहमीच्या मापाने उघडलेल्या पानाचे अक्षर आठ मिलिमीटरच्या आसपासच भरू शकते. म्हणजे एवढा खटाटोप करून आजोबांना मोबाईलपेक्षाही बारीक अक्षर दाखवले जाते, आणि ‘काही दिसत नाही’ म्हणून ते उठून जातात. प्रयोग पहिल्याच दिवशी बारगळतो तो बहुधा येथेच.

यावर एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. खुर्ची टीव्हीपासून जितके मीटर दूर, तितके सेंटिमीटर उंच अक्षर ठेवावे. दोन मीटरला दोन सेंटिमीटर, अडीचला अडीच. असे अक्षर मोबाईलवरील त्या अक्षराच्या दुप्पट मोठे दिसते. शाळेतील पट्टी पडद्याला हलकेच लावून ‘क’ची उंची मोजता येते, त्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. ब्राउझरमधील झूम वाढवावा. तेवढ्याने भागले नाही तर यंत्राचे स्वतःचे भिंग असते. प्लेस्टेशन ४ वर सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी या भागात झूम सुरू करून ठेवले, की पीएस बटण दाबून धरून चौकोनाचे बटण दाबताच सारा पडदा मोठा होतो. एक्सबॉक्सवरही मॅग्निफायर नावाची अशीच सोय आहे. अडीच सेंटिमीटरच्या अक्षराने एका ओळीत साधारण सात-आठ शब्द मावतात. वर्तमानपत्राच्या स्तंभातही त्याहून अधिक नसतात, त्यामुळे ज्यांची नजर स्तंभाला सरावलेली आहे त्यांना ते परके वाटत नाही.

दूरच्या पडद्यावर वाचण्याचा आणखी एक लाभ आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे पाहण्यासाठी चष्मा लागतो. दूरच्या पडद्याकडे पाहताना भिंगाला तो ताण पडत नाही. मात्र ज्यांचा चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह आहे त्यांनी बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. अशा चष्म्याचा वरचा भाग दूरसाठी आणि खालचा जवळसाठी असतो. टीव्ही भिंतीवर उंच लावलेला असेल तर हनुवटी वर करावी लागते, नजर चष्म्याच्या खालच्या भागातून जाते, अक्षर पुसट होते आणि मान दुखते ती वेगळीच. पलंगावर उशीला टेकून पाहतानाही हेच घडते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावा. टीव्ही खाली घेणे शक्य नसेल तर दूरच्याच नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेता येतो, नेत्रतज्ज्ञांना तसे सांगावे.

सर्वच डोळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही, हेही लक्षात घ्यावे. मोतीबिंदू असलेल्या व्यक्तीला पांढऱ्या पानाचा प्रखर उजेड विखुरल्यासारखा दिसतो. त्यांना काळ्या पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे अधिक सुखद वाटतात आणि पडद्याची चमक कमी करणेही उपयोगी ठरते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज झालेल्यांना, म्हणजे ज्यांना समोरच्या माणसाचा चेहरा धूसर पण कडेची खिडकी स्पष्ट दिसते त्यांना, मोठ्या अक्षरांचा फार आधार होतो. काचबिंदूत मात्र उलट घडू शकते. नजरेचे क्षेत्र आकुंचित झालेले असेल तर फार मोठे अक्षर त्या अरुंद झरोक्यात मावतच नाही आणि ओळीचे टोक हरवते. तेथे मध्यम आकारच बरा. आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, एकाएकी काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे झाले, तर अक्षरे मोठी करत बसू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेही व्यक्तीने तर तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे.

कष्टलेले हात

सोलापूर हे हातांच्या श्रमांवर उभे राहिलेले शहर आहे. आज सत्तरीत असलेल्या कित्येक पुरुषांनी यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणले, कित्येक स्त्रियांनी सुपात तंबाखू आणि तेंदूपाने घेऊन दिवसाला शेकड्यांनी विड्या वळल्या. अशा हातांत कंट्रोलर देताना थोडे थांबून पाहावे. हे साधन तरुण अंगठ्यांसाठी घडवलेले आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, पुष्कळ आढळते, आणि कंट्रोलरची गोल दांडी फिरवताना नेमका तोच सांधा राबतो.

प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरचे वजन सुमारे २१० ग्रॅम असते. अर्धा तास अधांतरी धरायला तेही जड होते. मांडीवर चादरीची घडी ठेवून तिच्यावर कंट्रोलर टेकवावा, म्हणजे हातांनी केवळ दाबायचे काम उरते. त्याची थरथर सेटिंगमधून बंद करावी. वाचताना अचानक हातात काहीतरी थरथरले की वयस्कर माणूस दचकतो. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांना गोल दांडीपेक्षा चार दिशांची बटणे सोपी जातात, कारण दांडीने सूचक-बाण थरथरत राहतो. अर्थात सगळीच पाने या बटणांना नीट दाद देत नाहीत.

एक्सबॉक्सवर २०१७ साली को-पायलट नावाची सोय आली. तिच्यामुळे दोन कंट्रोलर मिळून एकाच कंट्रोलरसारखे चालतात. एक आजींच्या हाती, दुसरा सुनेच्या. आजी पान हळूहळू पुढे सरकवतात, आणि अडले की सून आपल्या जागेवरूनच बाण योग्य ठिकाणी नेते. कोणी कोणाच्या हातातून काही ओढून घेत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मला ही सोय बाकी साऱ्या करामतींपेक्षा मोलाची वाटते, कारण ‘द्या इकडे, मी करते’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकणाऱ्या माणसाचा हळूहळू कशातच हात घालण्याचा धीर उरत नाही. हातापायांची हालचाल फारच मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मोठ्या दोन बटणांचा वेगळा कंट्रोलरही आणला आहे. पक्षाघातानंतर एकाच हाताने काम करणाऱ्यांनी त्याबद्दल आपल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टशी बोलावे.

टंकलेखनाचे काय? कंट्रोलरने पडद्यावरील एकेक अक्षर वेचून पत्ता लिहिणे तरुणालाही कंटाळवाणे होते, ज्येष्ठांना तर ती शिक्षाच आहे. तारेचा साधा की-बोर्ड यंत्राच्या यूएसबी खाचेत बसवला तर पत्ते लिहिणे सुकर होते. त्याहून चांगला मार्ग असा, की ज्येष्ठांना काही लिहावेच लागू नये. घरातील कोणीतरी एकदा बसून पाच-सहा पाने शोधावीत, ती बुकमार्क म्हणून जतन करावीत, आणि पुठ्ठ्याच्या एका कार्डावर मोठ्या अक्षरात क्रम लिहून ते टीव्हीशेजारी लावावे. कोणती पाने? रोजचे वर्तमानपत्र, हवामान, एखादे मासिक, आवडीचे अभंग किंवा कथा, इतके पुरे. या शहरात एका गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषा नांदतात. पूर्वभागातील एखाद्या आजींनी आयुष्यभर बाजारात मराठी बोलली असली तरी मन तेलुगूतच रमत असते. त्यांच्यासाठी तेलुगू वर्तमानपत्राचे पान ठेवावे. सोलापुरात ते छापील रूपात सहज हाती पडतेच असे नाही. बुकमार्क करण्यापूर्वी प्रत्येक पान उघडून जोडाक्षरे नीट उमटतात का, हे पाहून घ्यावे. तुटकी जोडाक्षरे दिसली तर ते पान सोडून दुसरे निवडावे.

वाचावे, व्यवहार करू नये

येथे मात्र काटेकोर राहावे लागते. खेळयंत्रावरील ब्राउझर केवळ वाचनासाठी वापरावा. बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, विमा, आधार क्रमांक, कोणताही पासवर्ड किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी त्या पडद्यावर कधीही लिहू नये. याला तीन कारणे आहेत. जुन्या यंत्रांचे ब्राउझर वेळोवेळी सुधारले जात नाहीत, त्यामुळे त्यांतील छिद्रे तशीच राहतात. दुसरे असे, की अक्षरे मोठी केल्यावर पानाच्या पत्त्याची पट्टी अनेकदा नजरेआड जाते आणि आपण खऱ्या बँकेच्या पानावर आहोत की तिच्या नकलेवर, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि तिसरे साधेच आहे. दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर लिहिलेला आकडा घरात आलेला कोणीही वाचू शकतो.

वाचता वाचता एकदम लाल चौकट उघडते. ‘तुमच्या यंत्रात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा.’ हा सरळ सापळा असतो. फोन करू नये, पान बंद करावे, ते बंद होत नसेल तर यंत्रच बंद करावे. त्याने काहीही बिघडत नाही. अशा फोनच्या पलीकडून पुढे पोलिसांचे नाव घेऊन ‘डिजिटल अटक’ केल्याची धमकी येऊ शकते. आपल्या कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही. चुकून पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. झाल्या प्रकाराबद्दल ज्येष्ठांना दोष देऊ नये. ओरडा बसेल या भीतीने लपवलेले दोन तासच सर्वांत महाग पडतात. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या यंत्रावर नातवाचे खाते असते आणि खेळ विकत घेण्यासाठी त्याच्या वडिलांचे कार्ड जोडलेले असू शकते. एक बटण चुकले की खरेदी होऊ शकते. यंत्र ज्येष्ठांच्या हाती देण्यापूर्वी ते कार्ड खात्यातून काढून टाकावे किंवा खरेदीला सांकेतिक क्रमांक लावावा. हे काम त्या नातवालाच फोन करून सांगावे. तेवढ्याच निमित्ताने आजोबांशी बोलणेही होईल.

आजारांविषयीच्या वाचनाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. रात्री पाय मुंग्यावले म्हणून शोध घेतला आणि पडद्यावर हातभर अक्षरात एखाद्या दुर्धर रोगाचे नाव आले, तर झोप उडणारच. अक्षर मोठे झाले म्हणून माहिती खरी होत नाही. वाचून शंका आली तर ती वहीत लिहावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे वही ठेवावी. चालू गोळी मात्र वाचनावरून बंद करू नये, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून नवी सुरू करू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसोबत या पडद्याचा उपयोग निराळा आहे. तेथे वाचनापेक्षा आठवणी जागवणे महत्त्वाचे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक, तलावातील मंदिर, जुन्या गिरण्यांचे भोंगे ज्या भागात ऐकू येत त्या रस्त्यांची छायाचित्रे एकत्र पाहावीत. ‘हे कोण, सांगा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. त्यांनी एखादे साल चुकीचे सांगितले तर सांगू द्यावे. मागावर वर्षे काढलेल्यांना खडखडाटामुळे ऐकू कमी येते, त्यांच्याशी बोलताना पडद्याचा आवाज बंद करून त्यांच्या समोर बसावे. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी. ती थकवते आणि भलतीकडेच घेऊन जाते.

एका बैठकीला अर्धा तास पुरे. मग उठून पाणी प्यावे, घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने घोट्यांना सूज येते, आणि मधुमेहींच्या जेवणाची वेळ टळते ती वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो तेव्हा सोलापूरकर दुपारी कूलरसमोरच बसतात. कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर डोळे लवकर कोरडे पडतात, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण आधीच घटलेले असते. खुर्ची थोडी कडेला घ्यावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यावरील तो विणलेला रुमाल काढून ठेवावा, त्याच्या फटींतून गरम हवा बाहेर पडायला हवी. कंट्रोलर चार्ज करण्याची तार खोलीच्या मध्यातून जाऊ देऊ नये. खुब्याचे हाड मोडायला तेवढी तार पुरते.

उरते ती एक नाजूक बाब. मोठा पडदा हा घरातील सर्वांचा पडदा असतो. लघवीच्या तक्रारीविषयी, मृत्युपत्राविषयी, किंवा दुरावलेल्या भावाच्या गावाविषयी काही वाचायचे असेल, तर आजोबा ते सुनेसमोर उघडणार नाहीत. त्यांना दुपारचा एखादा तास टीव्ही आणि खोली एकट्यासाठी मिळावी, दार लोटून घेता यावे. आणि नंतर पाहिलेल्या पानांची यादी कशी पुसायची, ती दोन बटणेही कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून द्यावीत.